वीट आलेला गजर

रतन उभा होता, त्यावरूनच दशरथला कळलं.

रतन कुणासाठी उभा राहत नाही. जन्मभर पखवाज मांडीवर घेऊन बसलेला माणूस. कुठेही गेला की आधी बसायला जागा बघतो, लग्नात, बँकेत, मयताच्या घरीसुद्धा. त्या दिवशी हॉस्पिटलात बायकोने, मालनने, फणी आणि खोबरेल तेल मागितलं म्हणून दशरथ घरी आला होता. दोन्ही घेऊन रिक्षाने परत पोचला, तर हॉस्पिटलच्या गेटवर रतन उभा. बाजूला वॉचमनची खुर्ची रिकामी होती, तरी उभा.

"कधी?" दशरथने विचारलं.

"आत्ताच," रतन म्हणाला. मग तो खुर्चीवर बसला आणि रडायला लागला. दशरथ तेलाची बाटली धरून त्याच्या शेजारी उभा राहिला.

बाराव्याला मंडळाने घरी भजन केलं. दशरथ मुलुंडच्या प्रासादिक भजन मंडळाचा बुवा, म्हणजे पेटीवर बसून गाणारा मुख्य माणूस. त्या दिवशी त्याने पेटीला हात लावला नाही. भिंतीला टेकून बसला. पोरांनी अभंग म्हटले आणि शेवटी होडीचा गजर धरला.

हा गजर म्हणजे मंडळाची ओळख. "सोड होडी, धनी, सोड होडी," एवढाच मुखडा. संथ सुरू होतो, मग पखवाज चढतो, झांजा चढतात आणि शेवटी सगळा हॉल टाळ्या वाजवतो. चाल दशरथने तरुणपणी बांधलेली. भांडुप असो, घाटकोपर असो, डबलबारी असली की मागून कुणीतरी ओरडतोच, "बुवा, होडी!" डबलबारी म्हणजे एका मंचावर दोन बुवा समोरासमोर. एकाने गायचं, टोमणे मारायचे, मग दुसऱ्याने उत्तर द्यायचं. आपल्या कोकणातल्या माणसांना क्रिकेटसारखं त्याचं वेड.

मालनला मात्र त्या गजराचा कंटाळा होता. ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "पंचवीस वर्सां तीच होडी! अजून पोचाक नाय ती?" दशरथ हसायचा आणि मुद्दाम जोरात म्हणायचा.

बाराव्याच्या दिवशी पोरांनी "सोड होडी" म्हटलं, आणि दशरथला वाटलं, बस झालं आता. दुःखामुळे नव्हे. त्याला खरोखर कंटाळा आला. पुढे काय येणार ते सगळं ठाऊक. इथे रतन थाप देणार, इथे कोरस वर जाणार, इथे शिट्टी पडणार. तीच चिंच, तोच गूळ. मालन म्हणायची ते खरं होतं, आणि आता तिला हे सांगायची सोय नव्हती.

त्यानंतर दशरथने पेटीवरचं कापड काढलं नाही. कार्यक्रमांच्या आलेल्या सुपाऱ्या नाकारल्या. मंडळातली दोन पोरं कंटाळून दुसऱ्या मंडळात गेली. माघी गणपतीला घाटकोपरच्या मंडळाने बोलावलं तेव्हा रतनने त्याला न विचारता होकार कळवला आणि मग घरी येऊन पलंगावर बसला.

"ही बारी नाय केलंस तर मंडळ मोडला म्हणान समज," रतन म्हणाला. "पोरां थांबूची नाय. समोर जया बुवा आसा."

जया बुवा म्हणजे असल्फाची जया. बाई असली तरी बुवाच म्हणतात. वय तिशीचं, दिवसा पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते आणि संध्याकाळी समोरच्या बुवाचं, असं लोक म्हणतात.

"गाईन," दशरथ म्हणाला. "पण होडी नाय. माका त्येचो वीट इलो."

"वीट इलो तर इलो. लोकांका खय इलोहा?"

जेवताना विषय निघाला. मुलगा नितेश म्हणाला, "सोपं आहे बाबा. गाण्याचा कंटाळा आला की मी स्किप करतो."

"भर मंचावर स्किप कसं करायचं रे?"

सून श्वेता म्हणाली, "सहा महिने बंद ठेवायचं. मग आपोआप परत गोड लागतं. मी तसंच करते."

"बारी पुढच्या शनिवारी आहे."

"मग वाट लागली," नितेश म्हणाला, आणि तिघंही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं. श्वेताने पटकन त्याला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी जयाचा फोन आला. बारीच्या आधी बुवा एकमेकांना फोन करतात. कोण कुठल्या चाली घेणार ते सांगून ठेवायचं, म्हणजे टक्कर होत नाही. एकाने जी चाल म्हटली ती दुसऱ्याने त्या दिवशी म्हणायची नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडला तर लोक तोंडावर थुंकतील.

"बुवा, गजराला तुम्ही होडीच म्हणणार, असं धरून चालते ना मी?" जयाने विचारलं.

"नाही. होडी तू म्हण."



"चेष्टा करताय का गरिबाची?"

"खरंच सांगतो. घेऊन टाक. मला कंटाळा आलाय."

"वा! तुम्हाला कंटाळा आला म्हणून मला? जुनी साडी बोहारणीला देतात तशी?"

"तसं समज."

"मग बदल्यात भांडं कुठलं पाहिजे? पातेलं देऊ की डबा?"

दशरथ म्हणाला, "काही नको. आजपासून तो गजर तुझा झाला. त्याचं काय करायचं ते कर. उलटा कर, सुलटा कर, मला विचारू नकोस." फोन ठेवला आणि त्याला इतकं हलकं वाटलं, की तो शिट्टी वाजवत खाली जाऊन दूध घेऊन आला.

रतनला कळलं तेव्हा तो दारातूनच सुरू झाला. "गजर दिलंस? जयाक? बायल गेली म्हणान सगळाच वाटूक निघालंस काय रे? लोक साड्यो वाटतत. गजर कोण वाटता?"

"साड्यो अजून कपाटातच आसत," दशरथ म्हणाला.

रतन आत येऊन पलंगावर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "आता तू काय गातलंस?"

हाच खरा प्रश्न होता. दशरथने पेटीवरचं कापड काढलं. पंचवीस वर्षांत त्याने एकही नवा गजर बांधला नव्हता. होडी होती ना, गरजच पडली नाही. आता बोटं पेटीवर ठेवली की ती आपोआप होडीकडेच पळायची. शेतातून घरी येणाऱ्या बैलासारखी सवय. सोमवार गेला, मंगळवार गेला. रतन रोज संध्याकाळी यायचा, पखवाजाच्या शाईसारखं तोंड करून बसायचा आणि जायचा.

बुधवारी सकाळी दशरथ पेटीवर एकाच सुरावर बोट ठेवून बसला होता. नितेश बूट घालून दारात उभा. दोघं नवराबायको स्कूटरवरून एकत्रच निघतात.

"श्वेता, चल ना यार! रोज उशीर!"

आतून श्वेता ओरडली, "थांब रे जरा! काम बाकी आहे!"

दशरथचं बोट उचललं गेलं. "थांब" वर उंच, "जरा" तिथेच तरंगत, आणि "काम बाकी" धपकन खाली. ही हाक श्वेताची नव्हती. कार्यक्रमाला निघताना तो दारात पेटी घेऊन उभा असायचा आणि आतून मालन ओरडायची, "थांबा वायच! काम बाकी आसा!" शब्द वेगळे, सूर तोच. सात वर्षं एका स्वयंपाकघरात राहून सासूची हाक सुनेच्या गळ्यात उतरली होती, आणि घरात कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

"श्वेता! परत बोल!"

श्वेता हात पुसत बाहेर आली. "काय झालं बाबा?"

"आत्ता बोललीस ते. परत बोल."

"काम बाकी आहे?"

"असं नाही गं! ओरडून! आत जा आणि तिथून ओरड!"

"बाबा, मला खरंच उशीर होतोय."

"बाबा, टेन्शन घेऊ नका," नितेश म्हणाला. "ती रोज ओरडते. उद्या ऐका."

पण दशरथ उद्यापर्यंत थांबणार नव्हता. श्वेता शेवटी आत गेली, एकदा ओरडली, दोनदा ओरडली, आणि तिसऱ्यांदा बरोबर तसाच सूर लागला. दशरथची बोटं त्याच्यामागे धावली. सापडलं! त्याने उठून दाराची कडी वाजवली, भिंतीवर थाप दिली, परत येऊन बसला. सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जा आता. उशीर होतोय तुला."

दुपारपर्यंत मुखडा तयार झाला. "थांब देवा, थांब जरा, काम बाकी." माणूस देवाला सांगतोय, येतो रे, पण हातातलं आवरू दे. रतनला फोन केला तर तो पखवाज घेऊन चालतच आला, वाटेत कुठे न बसता. त्याने दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा थाप दिली आणि मांडीवर हात मारून म्हणाला, "मेल्या, हो खय लपवन ठेवलेलंस?"

गुरुवारी पहिलं कडवं झालं. त्यात घरातली कामं होती. दिवा लावायचाय, माठ भरायचाय, दारातल्या तुळशीला पाणी घालायचंय. दुसऱ्या कडव्याचे शब्दही झाले, पण चाल सापडेना. गजरात दुसऱ्या कडव्याला चाल वर उचलावी लागते. तिथेच हॉल उठतो. दशरथ उचलायला गेला की ती होडीच्या चालीत जाऊन पडायची. शुक्रवार सगळा त्यातच गेला.

"उद्या मंचावर सुचतला," रतन म्हणाला.

"नाय सुचला तर?"

"तर मी पखवाज फोडतंय आणि घराक जातंय."

शनिवारी संध्याकाळी घाटकोपरच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे गाद्यांवर म्हातारी माणसं, मागे खुर्च्या, त्याच्याही मागे पोरं मोबाइल वर धरून उभी. मंचाच्या एका बाजूला जयाचं मंडळ, दुसऱ्या बाजूला दशरथचं. मध्ये हातभर अंतर. दशरथने पेटीचे सूर नवख्यासारखे पुन्हा पुन्हा तपासले. अशी धाकधूक त्याला कित्येक वर्षांत झाली नव्हती, आणि त्याला ती फार आवडली.

पहिली बारी जयाची. तिने नमन केलं, अभंग म्हटला, गवळण म्हटली. मग पेटीवर कोपर टेकून दशरथकडे बघून माईकवर म्हणाली, "मंडळी, आमचे मुलुंडचे बुवा फार दानशूर. मला त्यांनी एक जुनी साडी दिलीय. मी जरा तिचे काठ बदललेत. बघू या, ओळखतात का!"

आणि तिने होडी धरली.

मंडपात आधी गलका झाला. समोरच्याचा गजर म्हणते? ही हिंमत? दशरथने हात वर करून सगळ्यांना शांत केलं. मग तोही ऐकायला लागला.

जयाने सुरुवात संथ केलीच नव्हती. तिची होडी वादळातच निघाली. पखवाज पहिल्या थापेपासून पळत होता. आणि दशरथ जिथे तान मारायचा तिथे ती गप्प बसत होती. नुसती गप्प. तेवढ्या जागेत लोकांचा श्वास अडकत होता. "सोड होडी" कधी येणार, याची दशरथ स्वतः वाट बघत होता. स्वतःच बांधलेल्या चालीत पुढे काय येणार हे त्याला ठाऊक नव्हतं! तो पेटीवर पुढे झुकला. रतनने त्याला कोपराने ढोसलं. "बघ. कसली चाल होती बघ. दिलंस ना?"

"गप रे! ऐकू दे!"

आणि शेवटी, जिथे त्याचा गजर नुसताच वेगात संपायचा, तिथे जयाने स्वतःची एक ओळ घातली होती. पखवाज एकदम थांबला, झांजा थांबल्या, आणि ती अगदी हळू म्हणाली, "लागली होडी, धनी, लागली."

होडी पोचली.

दशरथ मोठ्याने हसला. माईक समोर होता, त्यामुळे ते हसणं सगळ्या मंडपाने ऐकलं. हसताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्याने पुसलं नाही. जयाला वाटलं बुवा चिडवतायत. तिने विचारलं, "काय बुवा, परत पाहिजे का साडी?"

"पाहिजे गं!" दशरथ म्हणाला. "पण आता तुलाच शोभते!"

टाळ्या पडल्या. मग त्याची बारी.

अभंग त्याने थोडक्यात उरकला. लोकांनाही घाई होती आणि दहाला माईक बंद करावा लागतो. "बुवा, होडी तर गेली, आता पोहत येणार काय?" मागून एक पोरगा ओरडला. दशरथने उत्तर दिलं नाही. पेटीचा भाता ओढला आणि म्हणाला, "थांब देवा..."

पहिल्यांदा मंडप नुसता ऐकत होता. दुसऱ्यांदा पुढच्या गादीवरची एक म्हातारी मान हलवायला लागली. तिसऱ्यांदा "काम बाकी" खाली पडलं तेव्हा बायकांच्या बाजूने हशा आला. ही हाक प्रत्येकीने घरात मारलेली होती. पाचव्या वेळी त्या स्वतःच म्हणायला लागल्या. दशरथने कडवं घेतलं, दिवा, माठ, तुळस, आणि मुखड्यावर परत आला तेव्हा सगळा मंडप आधीच तिथे उभा होता. रतन घामाने निथळत होता. त्याने पखवाज दुप्पट केला, चौपट केला. मागची पोरं खुर्च्यांवर चढली. त्या गर्दीत श्वेताचा आवाज दशरथला वेगळा ऐकू आला. ती ओरडत होती, "काम बाकी!" आणि नितेश तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

आता दुसरं कडवं. रतनने डोळ्यांनी सांगितलं, चढव. कोरसवाल्या पोरांनी मान वर केली. दशरथने वरचा सूर धरला, आणि पुढे काहीच नव्हतं. होडीकडे जायची वाट तेवढी उघडी होती. ती आता जयाची होती. त्याने पेटीवरून हात उचलला.

नुसता पखवाज वाजत राहिला. मग तोही थांबला. हजार माणसं त्याच्याकडे बघत होती.

"मंडळी," दशरथ माईकवर म्हणाला, "पुढच्या कडव्याचे शब्द आहेत. चाल झालेली नाही."

क्षणभर कुणाला कळेना हसावं की काय. जयाने आपला माईक ओढला. "काय बुवा! दुसरं कडवं हप्त्यावर घेतलंत काय?"

मंडप फुटला. हसता हसता लोक एकमेकांच्या अंगावर पडले. रतनने कपाळाला हात लावला. दशरथही हसत होता, पण त्याच वेळी उत्तर त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं, आणि डबलबारीत उत्तर आलं की ते गिळायचं नसतं.

"जया बुवा," तो म्हणाला, "इतका वेळ कान कुठे होते तुझे? मुखड्यात काय सांगतोय मी?"

आणि त्याने माईक लोकांकडे फिरवला.

"काम बाकी!" अख्खा मंडप ओरडला. जयाने दोन्ही हात जोडले, मग आपल्या मंडळातल्या एकाच्या हातातली झांज घेतली आणि मुलुंडच्या मंडळाबरोबर वाजवायला लागली. दहा वाजून माईक बंद झाला, तरी गजर बंद होईना. कमिटीच्या माणसाला मंचावर चढून हात जोडावे लागले.

खाली चहा घेताना जया आली. पाया पडली.

"बुवा, ती साडी मी ठेवली. भांडं द्यायचं राहिलंय. दुसऱ्या कडव्याची चाल देऊ का? आत्ता ऐकताना मला सुचलीय. झकास आहे."

दशरथला मोह झाला. तिची चाल खरंच झकास असणार.

"नको गं," तो म्हणाला. "हे मलाच करायचंय. तू मला म्हणूनसुद्धा दाखवू नकोस."

"नक्की?"

"नक्की. कान बंद करून घेतो बघ."

रतन तोपर्यंत एका खुर्चीवर बसून दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवून वडापाव खात होता. "बोरिवलीवाले इलेले," तो म्हणाला. "शिमग्यानंतर बारी होयी म्हणतत. तोच गजर होयो म्हणतत. मी हो म्हटलंय."

"माका इचारलंस?"

"नाय."

घरी आल्यावर दशरथने पेटी बाहेरच ठेवली, कापड घातलं नाही. सकाळी नितेश दारात उभा राहून ओरडतो, आतून श्वेता ओरडते, आणि दशरथ पेटीवर बसून ऐकतो. मुखडा आहे, पहिलं कडवं आहे. दुसऱ्या कडव्याची चाल अजून झालेली नाही.